बिलातला वारा

लालबागच्या आमच्या चाळीत आषाढातल्या एका संध्याकाळी पाऊस गॅलरीत तिरपा येत होता, ताडपत्रीची कड सारखी फडफडत होती, आणि आबा विजेचे बिल सदऱ्याच्या खिशात घडी करून माझ्या दाराशी उभे होते. बारीक अक्षर त्यांना आता लागत नाही, म्हणून बिल आले की ते वाचायला माझ्याकडे आणतात. आबा मूळचे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले. तरुणपणी मुंबईत आले, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिले, मशीद बंदरला माथाडी म्हणून त्यांनी पाठीवर पोती वाहिली, आणि आता मुलाच्या संसारात निवृत्तीचे दिवस काढत आहेत. मी बिलाची रक्कम सांगितली. ती त्यांनी मनाशी दोनदा घोळवली, समोरच्या पिंपळाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “ताई, आमच्या गावाच्या डोक्यावर पवनचक्क्या फिरत्यात. ह्या दिवसांत तर रातंदिस. वाऱ्याला काय पैसं पडत न्हाईत. मग ह्या बिलात त्यो वारा कुटं हाय?”

“बघून सांगते, आबा,” एवढेच मी म्हणू शकले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आयुष्यभर पोत्यांची मोजदाद केलेल्या माणसाने हिशेब विचारला होता, आणि हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यायला हवे होते.

त्या रात्री मी ते बिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. आपण एरवी फक्त देय रक्कम आणि अंतिम तारीख पाहतो. त्यांच्यामध्ये पसरलेल्या ओळींत एक संपूर्ण व्यवस्था मांडलेली असते. स्थिर आकार हा जोडणी घेतली म्हणून भरायचा, मग महिनाभर कुलूप लावून गावी गेलात तरी. ऊर्जा आकार हा वापरलेल्या युनिटांचा. त्यात शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, अशा पायऱ्या. वहन आकार म्हणजे वीज आपल्या दारापर्यंत आणणाऱ्या तारांचे आणि उपकेंद्रांचे भाडे. इंधन समायोजन आकार हा कोळसा-वायूचा भाव चढला की वाढणारा. या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. इंधनाच्या चढउतारासाठी बिलात स्वतंत्र ओळ आहे, पण ज्याला इंधनच लागत नाही त्या वाऱ्यासाठी एकही ओळ नाही. आबांची शंका अगदी नेमक्या जागी बसत होती.

आबांच्या त्या वाऱ्याशी माझी ओळख जुनी आहे. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात कासची फुले पाहून आम्ही ठोसेघरच्या वाटेने चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गेलो होतो. खाली घाटात ऊन होते आणि वर पोहोचेपर्यंत ढगांनी रस्ता गिळून टाकला होता. गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा काहीच दिसले नाही, फक्त ऐकू आले. डोक्यावर कुठेतरी एक प्रचंड श्वास ओढला जात होता, सोडला जात होता, पुन्हा ओढला जात होता. मग ढग थोडा विरळ झाला आणि त्यातून पांढरे पाते खाली आले, ओल्या गवतावरून सावलीसारखे सरकले आणि पुन्हा ढगात गेले. त्यामागे दुसरे, तिसरे, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत मनोरेच मनोरे. पायाखाली जांभ्याचा काळपट, शेवाळलेला खडक होता, त्याच्या खळग्यांत पाणी साठले होते आणि त्या पाण्यावर वाऱ्याच्या बारीक लाटा उठत होत्या. एक गुराखी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मनोऱ्याच्या आडोशाला उभा होता. गाईंना त्या आवाजाचे काहीच वाटत नव्हते. मला मात्र तिथे एकाच वेळी आनंद झाला आणि धास्तीही वाटली. जे कधी हातात येत नाही त्याला कोणीतरी पकडून कामाला लावले आहे, याचा तो आनंद होता. धास्ती कशाची होती ते मला पुष्कळ नंतर कळले.

आबांच्या गावावरचा सडा तिथून पुढे, वनकुसवड्याच्या बाजूचा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या त्या पठारावरून एका बाजूला कोयनेचा शिवसागर दिसतो. खाली पाण्याची वीज आणि वर वाऱ्याची वीज, असा योग महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. तिथली बहुतेक यंत्रे दोन हजार सालाच्या आसपास उभी राहिली. त्या काळी पवनचक्की घेणाऱ्या उद्योगांना घसाऱ्यापोटी प्राप्तिकरात मोठी सवलत मिळत असे, आणि पुष्कळ यंत्रांच्या जन्माचे खरे कारण वाऱ्याइतकेच ती सवलतही होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००३ साली अशा नव्या प्रकल्पांसाठी युनिटमागे साडेतीन रुपयांचा दर ठरवला, आणि तो दरवर्षी पंधरा पैशांनी तेरा वर्षे वाढत जाणार होता. म्हणजे वारा फुकट असला तरी त्याची वीज त्या काळी स्वस्त नव्हती. पोलाद, तांबे, रस्ते, घाटातून वर नेलेली अजस्र पाती आणि कर्जाचे व्याज, या सगळ्याची किंमत त्या दरात होती. पवनचक्कीचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशीच होऊन जातो. नंतर फेडायचे असते ते कर्ज.

हे आबांना सांगितल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्या मनातून जात नाही. भारनियमनाच्या वर्षांत ते गणपतीला गावी जात, तेव्हा तिन्हीसांजेला घरातली वीज गेलेली असे. आरती कंदिलाच्या उजेडात होई. मुले पडवीत बसून वर सड्याकडे बघत, आणि तिथे मनोऱ्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे लुकलुकत असत, पाती फिरत असत. रजा संपवून ते मुंबईला परतत, तर इथे लालबागच्या राजाचा मंडप रोषणाईने न्हाऊन निघालेला असे. राज्यभर अंधार असताना मुंबईला भारनियमनातून वगळले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते वर्षानुवर्षे दोन्ही टोकांनी पाहणारा माणूस माझ्या शेजारी राहतो, हे मला ठाऊक नव्हते.

मुंबईने सह्याद्रीकडून वीज घेणे ही काही आजची गोष्ट नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तलावांतले पाणी घाट उतरून गिरणगावातल्या गिरण्या फिरवू लागले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले. मग शहराची भूक डोंगरांच्या आवाक्याबाहेर गेली. ट्रॉम्बेच्या धुराड्यांखाली बोटीने आलेला इंडोनेशियाचा कोळसा जळू लागला, आणि मुंबईच्या एका खोलीतल्या पंख्याचा संबंध दूरच्या बंदरातल्या भावाशी जोडला गेला. युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटले तेव्हा जगभर कोळसा आणि वायू महागले. बिलातली इंधन समायोजनाची ओळ अशा वेळी डोके वर काढते. परळच्या खोलीत राहणाऱ्या विधवेला त्या युद्धाशी काही देणेघेणे नसते, पण त्याची वर्गणी तिच्याकडूनही गोळा होते.

वारा घराच्या खर्चाला हात लावतो तो इथे.

वाऱ्याच्या विजेचा करार साधारण पंचवीस वर्षांसाठी होतो आणि दर पहिल्याच दिवशी ठरतो. युद्ध होवो, रुपया घसरो, बोटभाडे वाढो, त्या दरात इंधनाची ओळच नसते. शिवाय तो दर दरम्यानच्या काळात पुष्कळ उतरला. केंद्राने २०१७ च्या फेब्रुवारीत वाऱ्यासाठी पहिल्यांदा स्पर्धात्मक बोली मागवली तेव्हा भाव युनिटला ३ रुपये ४६ पैसे निघाला. ऑक्टोबरमध्ये तो २ रुपये ६४ पैशांवर आला आणि डिसेंबरात गुजरातच्या बोलीत २ रुपये ४३ पैशांपर्यंत खाली गेला. इतका खाली गेलेला भाव पुढे टिकला नाही. जागा, पारेषण आणि व्याज यांनी तो पुन्हा तीन रुपयांच्या पुढे नेला. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने जैसलमेरच्या वारा आणि ऊन अशा ७०० मेगावॅटच्या एकत्रित प्रकल्पाशी करार केला तो ३ रुपये २४ पैशांनी. दिवाळीच्या दिवशी, १२ नोव्हेंबर २०२३ ला, सकाळी दहा ते दुपारी दोन असे चार तास आपल्या ग्राहकांची सगळी गरज नूतनशील, म्हणजे वारा-ऊन अशा न संपणाऱ्या स्रोतांच्या, विजेवर भागवल्याचे त्या कंपनीने जाहीर केले होते. अंधेरी-बोरिवलीच्या घराघरांत त्या वेळी फराळाची ताटे भरली जात असतील, आणि त्यातली काही वीज थरच्या वाळवंटातल्या वाऱ्याची होती. ही कल्पनासुद्धा मला सुखावते.

तरीही मी आबांना घाईने दिलासा देऊ इच्छित नव्हते, म्हणून आणखी वाचत गेले. वाऱ्याचा वाटा वाढला की घरातले बिल उतरते, असे सरळ समीकरण जगात कुठेच दिसत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली विजेतला सुमारे तीस टक्के वाटा वाऱ्याचा होता, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला तिथले शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. पण तिथल्या घरांची बिले चढीच राहिली, कारण तिथल्या घाऊक बाजारात गरज भागवणाऱ्या शेवटच्या, सर्वांत महाग केंद्राचा भाव सर्वांना मिळतो, आणि ते केंद्र बहुतेक वेळा वायूवर चालते. भाजी मंडईत मेथीची शेवटची, सर्वांत महाग जुडी ज्या भावाने विकली गेली, तोच भाव सकाळी स्वस्तात आलेल्या प्रत्येक जुडीला द्यावा, तशी ही रीत आहे. डेन्मार्कमध्ये निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे, पण करांचा बोजा वर्षानुवर्षे जड राहिल्यामुळे तिथले घरगुती दर युरोपातल्या चढ्या दरांत मोडत आले आहेत. आपल्याकडे रीत वेगळी आहे. इथली बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतली जाते, निरनिराळ्या केंद्रांच्या दरांची सरासरी निघते आणि त्या सरासरीवर आयोग आपला दर ठरवतो. म्हणून वाऱ्याची स्वस्ताई आपल्यापर्यंत पोहोचते, पण सरासरीत विरघळून.

ती किती विरघळते, याचा एक हिशेब मी आबांसाठी कागदावर केला. आकडे सोयीचे धरले, कारण आम्हाला फक्त प्रमाण पाहायचे होते. समजा, वितरकाच्या खरेदीतली दहावा हिस्सा वीज साडेपाच रुपयांची होती आणि तिच्या जागी सव्वातीनच्या आसपासची वाऱ्याची वीज आली. मग सरासरी खरेदी युनिटमागे बावीस-तेवीस पैशांनी उतरते. महिन्याला दीडशे युनिट जाळणाऱ्या घराचे त्यात सुमारे चौतीस रुपये वाचतात, आणि शुल्क टक्केवारीने लागत असल्यामुळे त्यावरचे आणखी पाच. एकूण चाळीसच्या आत-बाहेर. वहन आकार तसाच राहतो, स्थिर आकार तसाच राहतो. उलट सड्यावरची किंवा जैसलमेरची वीज मुंबईत आणायला नव्या तारा लागतात, आणि त्यांचा खर्च दुसऱ्या ओळीतून परत येतो. एकीकडे वाचलेले दुसरीकडे किती जाते, हे प्रत्येक वितरकाचे वेगळे.

आबांनी कागद हातात घेऊन दूर धरला. “चाळीस तर चाळीस,” ते म्हणाले. “पर ते लिवा की बिलात.”

वाऱ्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न मला पैशांपेक्षाही अधिक गुंतवून ठेवतो. पात्यांना मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. म्हणून मंद झुळकांच्या लांबलचक महिन्यांपेक्षा आषाढ-श्रावणातले झोंबरे आठवडे यंत्राला अधिक देऊन जातात, आणि वर्षभराच्या निर्मितीचा निम्म्याहून मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. देशात २०२५ च्या मार्चमध्ये वाऱ्याची स्थापित क्षमता ५०,००० मेगावॅटच्या पुढे गेली. एकूण क्षमतेत हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत तो पाच टक्क्यांच्या जवळपासच राहतो. याचे कारण मुंबईकराला शिकवावे लागत नाही. आपण सगळ्यांनी ऑक्टोबर पाहिलेला आहे. पाऊस परतलेला असतो, समुद्र आरशासारखा पडलेला असतो, पिंपळाचेही पान हलत नाही, अंगाला कपडा चिकटतो आणि घरोघरी पंखे पाचवर ठेवून माणसे तळमळत असतात. मुंबईची मागणी चढते ती मे महिन्याच्या उकाड्यात आणि या ऑक्टोबरात. मे महिन्यात निदान वारा उठू लागलेला असतो, ऑक्टोबरात मात्र सड्यावरची पातीही थकल्यासारखी थांबलेली असतात. त्या रात्री वीज येते ती कोळशाची, पाण्याची किंवा बाजारातून घेतलेली, आणि सूर्य मावळल्यानंतर बाजारातली वीज युनिटला दहा रुपयांच्या मर्यादेपर्यंत चढू शकते.

आपल्याकडे वाऱ्याचे एक मोठेपण मात्र पुरेसे बोलले जात नाही. तो सूर्याचा पाठीराखा आहे. पावसाळ्यात ढगांनी ऊन अडवलेले असते नेमके तेव्हा वारा भरात असतो, आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळनंतर, सौरफलक झोपी गेल्यावर तो जोर धरतो. रात्रीचे आठ हा मुंबईच्या घरांत कुकरच्या शिट्ट्यांचा, मालिकांचा आणि मुलांच्या अभ्यासाचा प्रहर असतो. त्या वेळेला मिळालेले वाऱ्याचे एक युनिट दुपारच्या उन्हाच्या युनिटापेक्षा अधिक मोलाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि नुसता किमान भाव पाहून करार करणाऱ्यांनी हे मोल विसरू नये असे वाटते. भिऱ्याला रात्री पाणी वर उपसून गरजेच्या वेळी पुन्हा सोडण्याची सोय पूर्वीपासून आहे. वारा वाढेल तशी अशा साठवणीची जागा सह्याद्रीतच शोधावी लागेल, आणि तिथेही कोणाचे तरी गाव असेल.

चाळकेवाडीला वाटलेल्या धास्तीचे कारण मला इथे सापडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याच सड्याचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. जिथे पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. जिथे पाती फिरतात तिथून ते निघून गेले, म्हणून गळ्याखाली निळ्या-नारिंगी पंख्यासारखी कातडी मिरवणाऱ्या सरड्यांची संख्या तिथे वाढली. पण ते सरडे कृश होते आणि त्यांचे धोक्याला घाबरणेही कमी झाले होते. एक पाते हवेत फिरते आणि खाली खडकावरच्या सरड्याचे अंग झिजते. जैसलमेरकडे माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतो, आणि त्याच्यासाठी तारा जमिनीखालून नेण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला आदेश २०२४ मध्ये सौम्य केला. कोळशाच्या राखेपुढे, ट्रॉम्बे-माहुलच्या हवेपुढे हे नुकसान लहान आहे, हे मला कळते. मला वाऱ्याची वीज हवी आहे, अधिक हवी आहे. पण माझे चाळीस रुपये वाचताना सड्यावर काय झिजते, हे मला माहीत असले पाहिजे. आबांच्या गावाला ते आधीपासून माहीत आहे.

पाटणच्या सड्यावरची पहिली यंत्रे आता म्हातारी झाली आहेत. पवनचक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे धरतात. तिथल्या पहिल्या करारांच्या मुदतीही सरल्या आहेत. केंद्राने २०२३ मध्ये जुन्या यंत्रांच्या जागी नवी, मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण आणले, आणि ते योग्यच आहे, कारण देशातल्या उत्तम वाऱ्याच्या पुष्कळ जागा जुन्या, लहान यंत्रांनी अडवलेल्या आहेत. त्याच वर्षी वितरकांनी आपल्या एकूण विजेत किमान किती नूतनशील वीज घ्यायची, त्या सक्तीचे टप्पेही नव्याने ठरवले गेले. २०२९-३० पर्यंत ती ४३.३३ टक्क्यांवर जायची आहे आणि त्यात वाऱ्याचा हिस्सा वेगळा राखलेला आहे. म्हणजे सड्यावर पुन्हा क्रेन चढणार, पुन्हा घाटातून पाती जाणार, पुन्हा करार लिहिले जाणार. रस्ते तयार आहेत, वाहिन्या आहेत आणि वारा कुठे किती वाहतो याची दोन दशकांची नोंदही आहे. पहिल्या वेळेपेक्षा हे करार स्वस्त असायला हवेत, आणि या वेळी वरून तारा नेताना खालच्या गावांनाही काही मिळायला हवे.

वीजदर ठरवण्याआधी वितरण कंपनीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, लेखी हरकती मागवल्या जातात आणि आयोग सुनावणी घेतो. कोणत्याही ग्राहकाला हरकत नोंदवता येते. मी माझी लिहायला घेतली आहे. तिच्यात दोन मागण्या आहेत. प्रत्येक बिलावर, इंधन समायोजनाच्या ओळीखाली, त्या महिन्यात वाऱ्याची किती वीज घेतली आणि ती सरासरी कोणत्या दराने पडली हे छापावे, निदान आबांच्या वयाच्या माणसालाही वाचता येईल अशा अक्षरात. आणि मुदत संपलेल्या पवनचक्क्यांचे नवे करार होताना सड्याखालच्या ग्रामपंचायतींना युनिटमागे ठरावीक पैसे मिळावेत, आणि ती रक्कमही लोकांसमोर मांडावी. दुसऱ्या मागणीचा मसुदा आबांनी दोनदा वाचून घेतला आणि त्यात एक दुरुस्ती सुचवली. पैसे ग्रामपंचायतीकडे गेले तरी ते कशावर खर्चायचे याचा ठराव ग्रामसभेत, गाव मुंबईहून घरी आलेले असते तेव्हा, म्हणजे गणपतीत किंवा शिमग्याला व्हावा. ती दुरुस्ती मी त्यांच्याच शब्दांत घातली आहे.